दुय्यम खेळाचा गुरू

आमच्या धर्मापुरीला बाहेरून कोणी आले तर बहुधा केदारेश्वराचे देऊळ पाहायला येते. भिंतींवरची शिल्पे पाहते, फोटो काढते आणि जाते. खेळाच्या मैदानाच्या बाबतीत गावात दाखवण्यासारखे काही नाही. कुस्ती आणि कबड्डी हे आमचे खेळ. दोन्हींना माती पुरते, आणि माती आमच्याकडे भरपूर आहे. या मातीतून उठून मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि जवळच्याच एका महाविद्यालयात एकतीस वर्षे क्रीडा संचालक म्हणून काढली. महाविद्यालयाचे नाव येथे सांगत नाही. सांगायची गोष्ट त्या एका महाविद्यालयापुरती नाही.

१९९६ साली आमच्याकडे अनुदानातून बास्केटबॉलचे सिमेंटचे मैदान झाले. मैदान झाले म्हणून प्रशिक्षक हवा, असा उलटा हिशेब होता. महाविद्यालयाची सगळी प्रतिष्ठा कबड्डीच्या संघात होती. विद्यापीठाच्या स्पर्धेला संघ निघाला की संस्थाचालक स्वतः नारळ फोडत. बास्केटबॉलसाठी मात्र तासिका तत्त्वावर, वर्षापुरता, असा एक माणूस घ्यायचे ठरले. निवड समितीत मी होतो. त्या मुलाखतीची गोष्ट शेवटी सांगतो. आधी दूरची एक नेमणूक सांगायला हवी, कारण ती वाचल्यावरच मला माझी समिती नीट समजली.

बास्केटबॉल हा खेळ जन्मालाच दुय्यम म्हणून आला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो तयार केला. फुटबॉलचा हंगाम संपलेला, बेसबॉलचा सुरू व्हायचा, बाहेर बर्फ आणि आत कंटाळलेली दांडगी मुले. त्यांना हिवाळाभर गुंतवून ठेवण्यासाठी त्याने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. मोठ्या खेळांच्या मधली फट बुजवायला निघालेला हा खेळ. आपल्याकडेही तो वायएमसीएच्याच वाटेने आला; त्या संस्थेने १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांच्या पुढाकाराने मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले.

नेस्मिथ पुढे १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथे त्यांच्या संघाने पंचावन्न सामने जिंकले आणि साठ हरले. खेळाचा जनक हाच त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक हरलेला एकमेव मार्गदर्शक ठरला. पण परंपरा तिथूनच सुरू झाली. नेस्मिथांचा शिष्य फॉग ॲलन, ॲलनचा शिष्य ॲडॉल्फ रप, रपचा शिष्य सी. एम. न्यूटन. आपल्या गायकीत घराण्याची वंशावळ सांगतात तशी ही सरळ रेषा आहे. त्यातल्या शेवटच्या नावाशी आपल्याला काम आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथल्या विद्यापीठात फुटबॉल म्हणजे जवळपास धर्म. हा आपला फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. पॉल ब्रायंट १९५८ पासून त्या संघाचे मार्गदर्शक होते आणि विद्यापीठाचे क्रीडा संचालकही तेच. १९६१, १९६४ आणि १९६५ अशी तीन वेळा त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणले होते. अशा ठिकाणी बास्केटबॉलचा मार्गदर्शक म्हणजे मोठ्या वाड्यातला धाकटा जावई. जेवायला ताट मिळते, बोलायला जागा मिळत नाही.

ब्रायंट यांना दुय्यमपणाची चव ठाऊक होती. १९४६ ते १९५३ अशी आठ वर्षे ते केंटकी विद्यापीठात फुटबॉलचे मार्गदर्शक होते, आणि त्या विद्यापीठात देव होता बास्केटबॉल व पुजारी होते ॲडॉल्फ रप. तिथे ब्रायंट कितीही जिंकले तरी नाव रप यांचेच होई. १९६८ मध्ये अलाबामाला बास्केटबॉलसाठी नवा माणूस हवा होता, तेव्हा ब्रायंट यांनी याच जुन्या प्रतिस्पर्ध्याला विचारले. रप यांनी आपल्या शिष्याचे नाव सुचवले. न्यूटन १९५१ च्या केंटकीच्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळलेले होते आणि तेव्हा लेक्सिंग्टनच्या ट्रान्सिल्व्हेनिया या छोट्या महाविद्यालयात शिकवत होते. मोठे नाव नव्हते. पण आपल्याला ज्या विषयातले कळत नाही त्यात जाणत्याला विचारावे, एवढे शहाणपण ब्रायंट यांनी दाखवले. आमच्याकडे हेही होत नाही.

आता त्या काळाकडे पाहू. ११ जून १९६३ रोजी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या एका इमारतीच्या दारात उभे राहिले. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून. केंद्र सरकारच्या हुकमापुढे त्यांना बाजूला व्हावे लागले. ते दार फॉस्टर ऑडिटोरियमचे होते, आणि फॉस्टर ऑडिटोरियम म्हणजे त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे घर. गव्हर्नर ज्या दारात अडून राहिले, त्याच्या आत बास्केटबॉलची लाकडी जमीन होती. १९६८ मध्ये संघ नव्या कोलिझियममध्ये गेला, आणि त्याच वर्षी न्यूटन आले.

पहिला हंगाम वाईट गेला. चार विजय, वीस पराभव. फुटबॉलच्या मार्गदर्शकाने असा हंगाम दिला असता तर गावात राहणे मुश्कील झाले असते. न्यूटन यांना मात्र वेळ मिळाला, कारण त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्षच नव्हते. १९६९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या वेंडेल हडसन या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन संघात घेतले. अलाबामा विद्यापीठाच्या कोणत्याही खेळात शिष्यवृत्ती मिळालेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हडसन ज्या बर्मिंगहॅमचा, तिथे १९६३ मध्ये चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार लहान मुली मेल्या होत्या. अशा शहरातल्या मुलाला, ज्या विद्यापीठाचे दार सहा वर्षांपूर्वी अडवले गेले तिथे पाठवताना घरच्यांना काय वाटले असेल, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांना सांगावे लागणार नाही.

फुटबॉलमध्ये हे का झाले नव्हते? १९६७ च्या वसंतात काही कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीशिवाय फुटबॉलच्या सरावाला उतरले होते. ते टिकले नाहीत. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने कोर्टात दावाही लावला. फुटबॉलमध्ये विल्बर जॅक्सन हा पहिला शिष्यवृत्तीधारक कृष्णवर्णीय खेळाडू १९७० मध्ये दाखल झाला. त्याच सप्टेंबरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र संघाने अलाबामाला त्यांच्याच भूमीत ४२–२१ असे हरवले, आणि या पराभवाने लोकांचे डोळे उघडले अशी कथा तिथे आवडीने सांगितली जाते. पण सनावळी पाहिली तर हडसन त्याच्या आधीच वर्गात बसलेला होता. ब्रायंट यांना उशिराबद्दल दोष द्यावा की न्यूटन यांना न अडवल्याबद्दल श्रेय, यावर वाद होऊ शकतो. मला दोन्ही खरे वाटते. जिथे प्रतिष्ठा जास्त, तिथे धोका पत्करायची हिंमत कमी. ज्या खेळाकडे कोणी बघत नव्हते, तिथे एका माणसाला योग्य ते करायला जागा सापडली.

निकालही बोलके आहेत. हडसन मुख्य संघात आला त्या हंगामात दहा विजय होते. १९७२–७३ मध्ये बावीस झाले आणि हडसन परिषदेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७३ च्या डिसेंबरात न्यूटन यांनी सामना सुरू करताना पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. दक्षिणपूर्व परिषदेत हे आधी घडले नव्हते. त्यानंतर १९७४, १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षे परिषदेचे विजेतेपद, पहिली दोन वर्षे विभागून, अलाबामाकडे आले. हे सगळे रप यांच्या शिष्याने केले, हेही लक्षात ठेवावे. त्या रप यांचा संपूर्ण गोरा संघ १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंकडून ७२–६५ असा हरला होता. शिष्याने गुरूचा खेळ घेतला, गुरूची भिंत घेतली नाही. पुढे न्यूटन केंटकीचे क्रीडा संचालक झाले तेव्हा १९९७ मध्ये त्यांनी टबी स्मिथ यांना नेमले. रप यांच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय मार्गदर्शक. न्यूटन २०१८ मध्ये गेले. २०२० मध्ये विद्यापीठाने हडसन यांचा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला.

हे वाचून आपण दुसऱ्याच्या देशाकडे बोट दाखवू नये. आपल्याकडचा पाळवणकर बाळूंचा इतिहास जुना आहे. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत शिकला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवेत, म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, तंबूबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. जिंकण्याची गरज दार किलकिले करते. ते पूर्ण उघडायला आत बसलेला कोणीतरी उठावा लागतो.

असा उठणारा माणूस आपल्याकडेही झाला आहे. कोल्हापूर हे लाल मातीचे गाव. तिथल्या आखाड्यातले खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला मॅटवर उतरले तेव्हा मॅट हाच मुळी परका प्रकार होता. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने त्यांना त्या कुस्तीचे नियम आणि डाव शिकवले. खाशाबा सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, त्यातून आले. खेळाडू मोठा होताच. पण खुर्चीतल्या माणसाने कागद पुढे सरकवण्यापलीकडे काही केले, म्हणून तो हेलसिंकीला पोचला.

आता माझी मुलाखत. तीन उमेदवार होते. त्यातला एक निर्विवाद उजवा होता. राज्य पातळीवर खेळलेला, पदविका पहिल्या वर्गात, बोलणे मोजके. समितीतल्या एकाने विचारले, "संघ कुठून उभा करणार? आपली सगळी उंच पोरं तर कबड्डीत आहेत." तो म्हणाला, "सर, समाजकल्याणच्या वसतिगृहात मी परवा जाऊन आलो. तिथं सहा फुटांच्या वरची चार पोरं आहेत. संध्याकाळी त्यांना काही काम नसतं." खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकाने त्याचे आडनाव पुन्हा विचारले, जरी ते समोरच्या कागदावर लिहिलेले होते. तो बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आपला खेळ कबड्डी आहे. हा तर नुसता दाखवायला. उगाच वसतिगृह आणि गाव यांच्यात नवीन काही नको." नामांतराला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, त्या वाक्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला.

समितीत खेळातले कळणारा मी एकटाच होतो. मी दुसऱ्याच्या नावापुढे सही केली. विरोध केला असता तर माझी नोकरी गेली नसती. फार तर पुढची बढती लांबली असती. नेमलेला माणूस एक वर्ष राहिला आणि गेला. नंतर ते पद भरलेच नाही.

ज्याला आम्ही नाकारले तो पुढे एका आश्रमशाळेत लागला. त्याच्या पोरी जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांना हरवून गेल्या, तेव्हा पंच म्हणून मी तिथे होतो. सामना संपल्यावर त्याने येऊन नमस्कार केला. "सर, ओळखलंत का?" मी "हो" म्हणालो. त्यापुढे बोलायला माझ्याकडे काही नव्हते.

या वर्षी दसऱ्याच्या आधी मी जुन्या महाविद्यालयात गेलो होतो. बास्केटबॉलच्या मैदानावर कोणाचे तरी सोयाबीन वाळत घातले होते. सिमेंटवर चांगले वाळते, असे शिपाई म्हणाला. दोन्ही टोकांचे खांब शाबूत आहेत, एका कडीची जाळी गेली आहे. वसतिगृहाची तीन-चार पोरे कडेला मोबाईल बघत बसली होती. त्यातला एक उभा राहिला तेव्हा माझी नजर नकळत त्याची उंची मोजत होती. मी प्राचार्यांना भेटून सोयाबीन उचलल्यावर आठवड्यातून तीन संध्याकाळी फुकट शिकवायला येतो, असे लेखी दिले आहे. वय झाले आहे, पण शिट्टी अजून वाजते. उत्तराची वाट पाहतो आहे.