लाकडाला भाव आहे, झाडावर चढणाऱ्याला नाही

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वैजापुरात दोन बातम्या ठरलेल्या. एक, नालेसफाई झाली नाही. दुसरी, वादळात अमुक रस्त्यावर झाड कोसळलं, वाहतूक खोळंबली, झाड तातडीने "हटवण्यात आले". ही दुसरी बातमी मी कितीतरी वर्षं लिहितोय आणि वाचतोय. त्या "हटवण्यात आले" मध्ये एक माणूस दडलेला असतो. त्याला बोलावलं कोणी, त्याच्या कमरेला दोर होता का, त्याच्या हातावर काय टेकवलं, हे कुठंच येत नाही. आज त्या माणसाबद्दल आणि त्याच्या कामाच्या इतिहासाबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

या कामाला आपल्याकडं धड नावही नाही. कुणी "कटरवाला" म्हणतं, कुणी "झाडं तोडणारे". इंग्लंड-अमेरिकेत मात्र याला "ट्री सर्जन" म्हणतात, म्हणजे झाडांचा शल्यविशारद. जॉन डेव्ही नावाचा मूळचा इंग्लंडचा माणूस अमेरिकेतल्या ओहायोत स्थायिक झाला आणि १९०१ साली त्यानं झाडांच्या डॉक्टरकीवर पुस्तकच काढलं. तिथं तेव्हापासून हा रीतसर शिकायचा धंदा झाला.

आता कुणी म्हणेल, ही गोऱ्यांची थेरं. तसं नाही. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तिच्यात वृक्षायुर्वेदाचा एक अख्खा अध्याय आहे. झाड आजारी पडलं तर काय करावं? आधी शस्त्रानं खराब भाग काढून जागा साफ करावी, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप लावावा, दूध मिसळलेलं पाणी घालावं, असं त्यात सांगितलंय. लेपाचा गुण किती येतो हे शास्त्रज्ञांनी सांगावं. पण झाडावर शस्त्र चालवायचं ते झाड वाचवण्यासाठी, हा विचार आपल्याकडं चौदा-पंधराशे वर्षं जुना आहे.

मग तो गेला कुठं? माझ्या मते त्याचं उत्तर पैशाच्या व्यवहारात आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. आरमारासाठी लाकूड लागायचं. पण आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, ती जबरदस्तीनं तोडू नयेत, असं त्यात बजावलंय. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन मगच तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीची ही जाण मोठीच. पण इथंही मोल ठरलं ते लाकडाचं, आणि मिळालं ते मालकाला. कुऱ्हाड चालवणारा हिशेबात नव्हता.

गावगाड्यातही तेच. सुताराला बलुतं होतं. बाभळीच्या लाकडाचा नांगर, वखर, गाडीचं चाक करून दिलं की सुगीला त्याच्या वाट्याचं धान्य ठरलेलं. घडवण्याच्या कामाला मान होता. झाड पाडणं, ओढून आणणं, सरकारी पाहुणा आला की त्याच्यासाठी सरपण फोडणं, ही कामं ज्यांच्यावर ढकलली होती त्यांच्या वाट्याला बहुतेकदा वेठच आली. त्या कामात कसब आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

आता आपल्या मुलखाचा एक वेगळा प्रसंग सांगतो. यात कुऱ्हाडीला चक्क मान मिळाला.

वैजापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. शिंदी-ताडीवरचा अबकारी कर हे संस्थानाच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. म्हणजे शेताच्या कडेला उभं असलेलं शिंदीचं झाड सरकारला पैसा देत होतं. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसनं सत्याग्रह सुरू केला, १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. त्या लढ्यात जंगल सत्याग्रह झाले, तशीच ठिकठिकाणी शिंदीची झाडं तोडली गेली. दारूबंदी हा गांधीजींच्या कार्यक्रमाचा भाग होताच, पण इथं प्रत्येक घाव निजामाच्या तिजोरीवर बसत होता. त्याआधी सोलापुरात ८ मे १९३० ला रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले, तिथून पेटलेल्या दंगलीत पोलिसांनी गोळी चालवली आणि शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला.

१७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, भाषणं ऐकतो. पण शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड घेऊन चढलेल्या साध्या माणसांची आठवण त्या भाषणांत सहसा येत नाही. तुमच्या घरातल्या थोरल्यांनी याबद्दल काही सांगितलं असेल तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा.

स्वातंत्र्यानंतर झाडांसाठी कायदे आले. १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आला. त्यात साग, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशा यादीतल्या झाडांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नगरपालिका हद्दीसाठी १९७५ चा वेगळा कायदा आला. वृक्ष प्राधिकरण आलं, झाडांची गणना आली. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड "वारसा वृक्ष" ठरलं, आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. हे सगळं चांगलंच आहे. पण झाडावर चढणारा माणूस शिकलेला असावा, त्याचं नाव कुठंतरी नोंदलेलं असावं, याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता आजचा व्यवहार. आपल्या भागात हे काम कसं चालतं, हे बहुतेकांना माहीत आहे, तरी मांडतो.

झाड मोठं, लाकूड चांगलं, जागा मोकळी असेल तर तोडणाराच मालकाला पैसे देतो. खोड सॉ मिलला जातं, जाड फांद्या वखारीत किंवा वीटभट्टीवर, बारीक फाटे जळतणाला, पाला शेळ्यांना. झाड घरावर किंवा तारांवर झुकलेलं असेल तर जोखीम वाढते, मग लाकूड न्या आणि वर थोडे पैसे घ्या, असा सौदा होतो. आणि नुसती छाटणी असेल तर? तिथं लाकूड निघतं थोडं आणि वर-खाली करायचं काम दुप्पट.

हे काम बरीच वर्षं करणाऱ्या एका मामांना मी विचारलं, "मामा, छाटणीचे किती घेता?"

ते हसले. "छाटणीचं कोण देतंय भाऊ? लाकूड निघालं तर आम्हाला परवडतं. लोक म्हणतेत, फांदीच तर तोडायचीय, तिचे काय पैसे?"

या एका वाक्यात सगळं आलं. आपण या माणसाला मजुरी लाकडात देतो. जितकं जास्त तोडेल तितकं त्याला मिळणार. मग जिथं दोन फांद्या काढून काम भागलं असतं, तिथं लिंबाचं भरलं झाड बोडकं होतं, नाहीतर बुंध्यातूनच जातं. त्याला दोष कसा देणार? आपल्या सौद्यानंच त्याला तसं वागायला लावलंय.

बरं, छाटणीला काही कसब लागतं का? लागतं. जाड फांदी थेट वरून कापली की ती स्वतःच्या वजनानं खाली येते आणि खोडाची साल सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून थोड्या अंतरावर फांदीला खालून अर्धवट काप द्यायचा, मग त्याच्या जरा पुढं वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी राहिलेलं ठुंठ काढायचं. तेही अगदी खोडाला घासून काढायचं नाही. फांदी जिथून फुटते तिथं एक फुगीर कडं असतं, ते शाबूत ठेवायचं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी कापलेली खोडं उभी-आडवी चिरून हे दाखवून दिलं. झाडाची जखम माणसासारखी भरत नाही. झाड सडक्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून चढवतं. ते कडं कापलं की भिंत नीट उभी राहत नाही, बुरशी आत शिरते. आज चुकीचं छाटलेलं झाड आणखी काही वर्षांनी कुणाच्या तरी गाडीवर पडतं, ते असं.

नीट शस्त्रक्रिया केली तर काय होतं, त्याचंही उदाहरण देशात आहे. हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष. वादळांनी मार खाल्ला, मग बुरशी लागली, आणि १९२५ साली त्याचं मूळ खोडच कापून काढावं लागलं. झाड मेलं नाही. आजही हजारो पारंब्यांवर ते उभं आहे.

उलट उदाहरण आपल्याच राज्यातलं. सांगली जिल्ह्यातल्या भोसे इथला सुमारे चारशे वर्षांचा वड २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक उभे राहिले, रस्त्याची आखणी बदलली, वड वाचला. आणि जून २०२२ मध्ये पावसात तो कोसळला. कुऱ्हाडीपासून झाड वाचवायला आंदोलन पुरतं. त्यानंतर ते तगवायला झाडाची नाडी कळणारा माणूस लागतो.

आता त्या माणसाच्या जिवाचं बोलू. फांदीवर उभं राहून मशीन चालवायची, खाली तारा, पायात चप्पल. पडला तर? नुकसानभरपाईचा कायदा मालक आणि नोकर असं नातं असेल तरच लागू होतो. हा तर स्वतःच्या मशीनवर काम करणारा, त्याला मालकच नाही. शेतकऱ्यांसाठीच्या अपघात योजनेत उंचावरून पडणं धरलेलं आहे, पण त्याला सातबारा लागतो. यातल्या बऱ्याच जणांकडं गुंठाभर जमीन नाही.

दुसरीकडं काय केलं ते बघा. केरळात झाडावर चढणारेच मिळेनात, तेव्हा केंद्राच्या नारळ विकास मंडळानं २०११ पासून तरुणांना यंत्रानं चढायचं प्रशिक्षण आणि विमा द्यायला सुरुवात केली. योजनेचं नावच "नारळाच्या झाडाचे मित्र". तेलंगणात जुलै २०२४ पासून ताडी काढणाऱ्यांना सरकार सुरक्षेचा पट्टा-दोराचा संच देऊ लागलं. एकेकाळी तोही मुलूख आपल्यासोबत त्याच निजामाच्या राज्यात होता. तिथं झाडावर चढणं हा पेशा म्हणून मानला गेला. आपल्याकडं अजून तो "हटवण्यात आले" इथंच अडकलाय.

मग वैजापुरात काय करता येईल? फार मोठा खर्च नाही.

एक, नगरपरिषदेनं गावात हे काम करणाऱ्यांची यादी करावी आणि ओळखपत्र द्यावं.

दोन, कमरपट्टा, दोर, हेल्मेटचे चार-पाच संच घेऊन ठेवावेत, कामाला जाताना द्यावेत, आल्यावर परत घ्यावेत.

तीन, मेच्या आधी शाळा, दवाखाना, बसस्थानक, बाजार इथली झाडं बघून छाटणी उरकावी, आणि तिची मजुरी रोखीनं, दिवसावर द्यावी. लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

चार, हे आपण सगळे करू शकतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले की अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे ऐन झाडं पडायच्या मोसमात. तुमच्या ओळखीत कुणी कटरवाला असेल तर त्याला बँकेत घेऊन जा, फॉर्म भरून द्या. अर्धा तास लागेल.

आणि दारातल्या लिंबाची फांदी काढायला कुणाला बोलावलंत, तर एवढंच करा. लाकूड तुम्ही ठेवा आणि त्याला त्याच्या हाताचे पैसे द्या. झाडही राहील, माणूसही राहील.

तुमच्या गावात, वस्तीवर हे काम कोण करतं, काय भावानं करतं, कधी अपघात झाला का, ते लिहा. नाव टाकायचं नसेल तर मेसेज करा. सगळं एकत्र करून मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देऊ.

#वैजापूर #झाडछाटणी