मुसहफसोबत कारी

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना फळ्यावर 'जग' लिहिलं की माझी पंचाईत होते. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, लिपीत दोन्ही सारखेच. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, पण अक्षर एकच. काही वर्षांपूर्वी तोडगा म्हणून मी वर्डमध्ये शब्दांची यादी केली. प्रत्येक शब्दापुढे स्पीकरचं छोटं चित्र, त्यावर क्लिक केलं की माझा आवाज. घरी छान वाजलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरवर शब्द होते, चित्रंही होती, आवाज मात्र नव्हता.

चूक माझीच होती. १९९२च्या विंडोज ३.१ पासून मजकुराला आवाज दोन तऱ्हांनी जोडता येऊ लागला. एक, आवाज फाइलच्या पोटातच भरायचा. दुसरी, तो कुठे ठेवलाय याचा फक्त पत्ता लिहायचा. मी पत्ता लिहिला होता, आवाज घरीच राहिला. सुरुवातीच्या काळात पोटात भरणं परवडतही नसे. साध्या दर्जाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग सुमारे १.३ एमबी, म्हणजे १.४४ एमबीची फ्लॉपी एका मिनिटातच जवळपास भरायची.

मजकुरासोबत आवाजही पाठवावा, ही गरज मात्र कॉम्प्युटरहून फार जुनी. हजरत उस्मान (रजि.) यांनी कुरआनच्या प्रती वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या. त्या काळच्या लिखाणात नुक्ते आणि जेर-जबर जवळपास नसतच. म्हणून प्रत्येक मुसहफसोबत एक कारीही पाठवला, असं आपल्या परंपरेत सांगतात. कुफ्याला अबू अब्दुर्रहमान सुलमी गेले. कागद आणि कंठ एकत्र निघाले. १९६१ साली इजिप्तमध्ये लबीब सईद यांच्या पुढाकारानं शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं ध्वनिमुद्रण झालं, त्यामागेही हीच काळजी होती.

हेच काम आपल्या महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांसाठी झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी शंभरहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदींची बाजू सांभाळली. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ या ओव्या शब्द, अनुवाद आणि आवाजासह देतं. ओवी कागदावर वाचली की अर्थ कळतो. ऐकली की दळणाऱ्या बाईचा दमलेला श्वासही कळतो.

आता आपल्या घरात बघू. जालना पूर्वी निजामाच्या राज्यात होतं, म्हणून आपल्या घरांत दखनी बोलली जाते. मराठीतल्या 'नको'चं तिथं 'नक्को' झालं. उर्दूतला 'क़ाफ' आपल्या तोंडी 'ख' होतो, त्यामुळे कबरीची खबर होते. शाळेत मी हे उच्चार 'चूक' म्हणून सुधारतो आणि ते माझं कामही आहे. पण माझी नानी आयुष्यभर असंच बोलली. तिच्या काही गोष्टी मी उर्दूत लिहून ठेवल्या, त्याही शुद्ध करून. आज वाचताना गोष्ट सापडते, नानी सापडत नाही. तिचा एक मिनिटाचाही आवाज माझ्याकडे नाही.

आज फ्लॉपीची अडचण उरलेली नाही, फोन प्रत्येक खिशात आहे. तरी आवाज हरवतात, कारण 'ऑडिओ १७' नावाची फाइल कोणाची, हे दोन वर्षांनी कोणीच सांगू शकत नाही. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून घ्या. मग ते बोलले तसंच लिहा, न सुधारता. मजकूर आणि आवाज एकाच ठिकाणी ठेवा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे द्या.

मुसहफ आणि कारी वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवले नव्हते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.