अंतरीचे दुखणे

स्मरणिकेसाठी स्त्रियांच्या इतिहासावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम माझी आई आठवली. गोंदियात आमच्या ओसरीवर मांडीवर सूप घेऊन ती बिड्या वळीत असे. रात्री तिला झोप येत नसे, छाती धडधडे. वैद्य झाले, ताईत झाले. परंतु ‘बाई, तुझ्या मनाला काय लागले आहे?’ असे कोणी विचारले नाही. मीही नाही. लहानपणी विहिरीवरून तिला हाकलून दिले होते, हे तिने मला एकदाच सांगितले, तेही कट्टे बांधता बांधता, मान खाली घालून.

या दुखण्याला नाव मिळाले ते मला आपल्या विदर्भातच. नागपूरच्या कुमुदताई पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ हे पुस्तक 1981 साली निघाले. महार समाजातील ही मुलगी हट्टाने संस्कृत शिकली, एम. ए. झाली, तरी नोकरी मिळेना. पुढे आंतरजातीय विवाह झाला, आडनाव सोमकुवरचे पावडे झाले, आणि मग सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली. एखादीने पेढे वाटले असते. कुमुदताईंनी लिहिले ते त्या आनंदातील सलाविषयी: मान मिळाला तो नवऱ्याच्या जातीला, कुमुद सोमकुवर होती तिथेच राहिली. भगिनींनो, यश मिळूनही मन का कुढते, हे इतक्या उघडपणे सांगायला केवढे धैर्य लागत असेल!

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत आणि पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचीत. त्यांनी लिहिलेले कागद कैक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. त्यात साऱ्या समाजाचे हाल आहेत. स्वतःच्या संसारातील मारहाण मात्र त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितली. इतके लिहिणाऱ्या बाईलाही तेवढे एक अवघड गेले!

दूरदेशीही असेच घडले आहे. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, आणि 1972 साली मुंबईतील तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले तेही तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून. या नात्याचा उल्लेख सभांतून होतो तो लढ्यापुरता. रडण्याचेही नाते आहे, ते कोणी सांगत नाही. माया अँजेलो ही कृष्णवर्णीय लेखिका लहानपणी अत्याचार झाल्यावर सुमारे पाच वर्षे बोललीच नाही. पुढे कवितेने तिची वाचा उघडली, आणि 1969 साली तिने ते सारे आत्मचरित्रात लिहिले.

आईच्या अखेरच्या वर्षी मी तिला बेबीताईंची काही पाने वाचून दाखविली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. तिने सूप बाजूला ठेवले आणि म्हणाली, ‘पोरी, हे तर म्या कोनालेच सांगितलं नव्हतं. हिले कसं समजलं?’ मग ती दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मी मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेतले. चार पाने झाली. ती वही अजून माझ्याजवळ आहे. कोणा भगिनीला वाचावीशी वाटली, किंवा स्वतःचे काही सांगावेसे वाटले, तर दुपारी तीननंतर मी घरीच असते.