व्हॉयेजरच्या तबकडीवरील मराठी वाक्य : एक भाषिक साधन

मराठी भाषेच्या इतिहासाची साधने म्हणजे शिलालेख, ताम्रपट, हस्तलिखिते आणि दफ्तरे, ही समजूत आपल्याकडे दृढ आहे. ध्वनिमुद्रणाकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची सवय मात्र अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका ध्वनिमुद्रणाचा विचार करावयाचा आहे. ते अवघ्या एका वाक्याचे आहे. जी दोन याने ते वाहून नेत आहेत, ती सौरवाताचे प्रभावक्षेत्र अनुक्रमे २०१२ व २०१८ या वर्षी ओलांडून गेली. आणि तेच वाक्य आज कोणाही अभ्यासकास सार्वजनिक संग्रहातून ऐकता येते.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने व्हॉयेजर-२ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी सोडले. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची, १२ इंच व्यासाची एकेक तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवरील नाद, सुमारे ९० मिनिटांचे संगीत, शंभराहून अधिक चित्रे आणि ५५ भाषांतील अभिवादने असा तिचा ऐवज. निवड करणाऱ्या मंडळाचे प्रमुख कार्ल सेगन होते. अभिवादनांचे काम लिंडा साल्झमन सेगन यांनी पाहिले. संगीतात गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतील गायन आहे. दुसरे यान सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या.

साधनाचे बहिरंगपरीक्षण प्रथम केले पाहिजे. अभिवादने मुख्यतः कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात, तेथे उपलब्ध असलेल्या भाषकांकडून घेण्यात आली. काय बोलावे हे ठरवून दिलेले नव्हते. संदेश परग्रहावरील संभाव्य श्रोत्यांसाठी आहे आणि तो थोडक्यात असावा, एवढीच सूचना होती. संहिता १९७८ मध्ये ‘मर्मर्स ऑफ अर्थ’ या ग्रंथात छापली गेली. मूळ ध्वनी ‘नासा’ने २०१५ मध्ये सर्वांना खुला केला; संगीताचे हक्क मात्र इतरांकडे असल्यामुळे ते त्यात आले नाही. म्हणजे सार्वजनिक म्हटलेला संग्रहही संपूर्ण नसतो, हे येथेच ध्यानात ठेवावे.

आता अंतरंगपरीक्षण. मराठी वाक्याचा आशय असा, की ‘ह्या पृथ्वीतील लोक’ आपल्याला शुभविचार पाठवीत आहेत आणि श्रोत्यांनी ‘ह्या जन्मी धन्य’ व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. अखेरचे शब्द जन्मांची मालिका गृहीत धरतात; ही कल्पना संग्रहातील इंग्रजी भाषांतरात जवळजवळ विरून जाते. ‘शुभेच्छा’ हा रूढ शब्द टाळून ‘शुभविचार’ योजला आहे, हेही लक्षणीय होय.

सर्वांत विचारार्ह आहे ते ‘त्यांचे’ हे सर्वनाम. ‘लोक’ हा कर्ता असता मराठीचा स्वाभाविक कल ‘आपले शुभविचार’ असे म्हणण्याकडे आहे. परदेशातील वास्तव्यामुळे इंग्रजी वळण आले, असा तर्क यावर सहज करता येईल. परंतु ‘आपले’ या शब्दाचा अर्थ समोरच्या व्यक्तीचे, असाही होतो व बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचे, असाही होतो. अनोळखी श्रोत्याशी बोलताना ही संदिग्धता टाळण्यासाठी ‘त्यांचे’ वापरले गेले, असेही म्हणता येते. शिवाय बोलणारी व्यक्ती ‘आम्ही’ न म्हणता वकिलाने धन्याचा निरोप सांगावा तशी बोलते. एका वाक्यावरून यांतील कोणताही निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

शेजारच्या भाषांशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. कन्नड वाक्य कन्नडिगांच्या वतीने शुभाशय देते. राजस्थानी वाक्य म्हणते, की आम्ही येथे सुखी आहोत, तुम्ही तेथे सुखी असा. मराठेशाहीतील पत्रे वाचणाऱ्यास येथे ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ या मायन्याची आठवण व्हावी. पत्रलेखनाचा जुना साचा राजस्थानी वाक्यात टिकून राहिला. मराठी वाक्याने तो घेतला नाही.

या संग्रहात जे नाही, तेही साधनच मानले पाहिजे. तमिळ व मलयाळम या भाषा तबकडीवर नाहीत. अक्कादी व हित्ती या मृत भाषा आहेत. भाषेचे स्थान भाषकसंख्येवर जितके अवलंबून राहिले, तितकेच ते त्या दिवशी कोण उपलब्ध होते यावरही राहिले. उदगीरकरास हा न्याय नवा नाही. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद संस्थान व राज्य यांतील बीदर जिल्ह्यात होते. आणि ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीतून जे प्रदेश वगळले गेले, त्यांत हैदराबाद संस्थान होते. उदगीरच्या बाजारात ऐकू येणाऱ्या मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा तबकडीवर आहेत. परंतु येथील दखनी नाही, बंजाऱ्यांची गोरमाटी नाही, आणि ‘काय करलालास’ असे विचारणारी येथील मराठीही नाही.

याचा दोष तबकडी करणाऱ्यांना देणे अनुचित होईल. त्यांच्यापाशी अवधी थोडा होता. आपल्यापाशी तो आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रित सर्वेक्षण सार्वजनिक करून मार्ग दाखविला आहे. सीमाभागातील महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातील बोलींचे मुद्रण करावे आणि प्रत्येक मुद्रणासोबत बोलणाऱ्याचे गाव, वय, त्याच्या अन्य भाषा व प्रसंग यांची नोंद ठेवावी. तशी नोंद पुरेशी नसली म्हणजे अभ्यासकाला एका सर्वनामापाशीच कसे अडून राहावे लागते, हे वर दिसलेच आहे.