सिंगणपूर बंधारा जलाशय
सुरत शहरात तापी नदीवर रांदेर व सिंगणपूर यांदरम्यानच्या बंधाऱ्याने अडवलेला गोड्या पाण्याचा साठा. उकाई धरण (पहा : उकाई धरण) व काकरापार बंधारा यांच्या खालच्या बाजूस, भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि शहराला पाणी मिळावे म्हणून हा बंधारा १९९५ मध्ये बांधला. प्रवाह मंदावल्याने गाळ बसतो. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते (पहा : जलपर्णी) आणि तिच्या दाट थराखाली प्राणवायू घटतो. गुरे-म्हशी जेथे पाण्यात उतरतात, तेथे खुरांखाली काठावरचे गवत मरते, माती सुटी होते व पावसात शेणासह पाण्यात मिसळते. बंधाऱ्याखाली गोडे पाणी कमी पोहोचते, गाळ साचत जातो. त्यामुळे पात्राची पूर वाहून नेण्याची क्षमता घटते; पूरप्रवण सुरतेच्या दृष्टीने हा गंभीर दोष होय (पहा : तापी नदी). शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः तापीवरच अवलंबून आहे.