जनीची कीर्ती आणि काळी तबकडी

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या तालुक्याच्या गावास गोदातीरीचे क्षेत्र म्हणून जी प्रतिष्ठा लाभली आहे ती त्या नदीकाठच्या इतर अनेक गावांच्याही वाट्याला आलेली आहे. परंतु दामा नावाच्या विठ्ठलभक्ताच्या पोटी जन्मलेली, आणि लहानपणीच पंढरपुरास नामदेवाचे वडील दामाशेटी शिंपी यांच्या घरी दळणकांडणास राहिलेली एक मुलगी मूळची येथली, अशी जी परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे, तिने गंगाखेडास मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जे स्थान दिले ते केवळ तीर्थस्नानाच्या पुण्यावर मिळण्यासारखे नव्हते. संत जनाबाईची ही कीर्ती यथार्थ आहे काय, असा प्रश्न गंगाखेडच्या घाटावर उभे राहून कोणी केला तर त्याची गणना उद्धटांत होईल. तथापि जी कीर्ती कधी तपासलीच गेली नाही ती पिढीजाद इनामासारखी असते. भोगवटा निर्वेध चालू असतो, पण मूळ सनदेत काय लिहिले आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

सनद शोधू लागले की पहिली अडचण ही की जनीचे स्वतंत्र दप्तरच नाही. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात, आणि ते बहुधा नामदेवाच्या गाथेच्या आश्रयाने, त्या घरच्या इतर मंडळींच्या रचनांसमवेत, प्रथम हस्तलिखितांतून व पुढे छापील गाथांतून आलेले आहेत. नामदेवाने १३५० साली पंढरपुरी देह ठेवला तेव्हा जनीही महाद्वारी समाधिस्थ झाली असे परंपरा मानते. परंतु ज्या वह्यांतून हे अभंग आपल्यापर्यंत पोचले त्या वह्या त्यानंतर कित्येक पिढ्यांनी लिहिल्या गेल्या, आणि दरम्यान कीर्तनकारांच्या मुखातून व बायकांच्या गळ्यातून जाताना कोणत्या चरणात किती फेरफार झाला, कोणत्या अनामिकेने आपले दुःख जनीच्या नाममुद्रेखाली रुजू केले, याचा दाखला आता कोणतीही कचेरी देणार नाही. वारकरी परंपरेत संतांचे लेखकही सांगितलेले आहेत. सावता माळ्याचे अभंग काशीबा गुरवाने लिहून घेतले असे म्हणतात. जनीचे मात्र साक्षात पांडुरंगाने. भाविकास यात देवाचे वात्सल्य दिसते, आणि ते दिसावे हे योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्याच आख्यायिकेत आणखी एक गोष्ट दिसते, ती ही की मोलकरणीचे शब्द टिपून घेण्यास मनुष्यांपैकी कोणी बसला असेल हे परंपरेलाही संभवनीय वाटले नाही.

असे असता तिची जी ख्याती झाली ती कशाची झाली? महिपतीने १७६२ साली सिद्ध केलेल्या ‘भक्तविजया’ने आणि त्या आधारावर उभ्या राहिलेल्या असंख्य कीर्तनांनी लोकांच्या मनात जी जनी रुजविली ती चमत्कारांची जनी होय: देव तिच्या जात्याचा खुंटा धरतो, तिच्याबरोबर दळतो, त्याच्या गळ्यातील पदकाच्या चोरीचा आळ तिच्यावर येतो आणि सुळाचे पाणी होते. १९४९ साली हंसा वाडकर यांची भूमिका असलेला ‘संत जनाबाई’ हा चित्रपट निघाला, आणि गावोगावच्या तंबूंतून व थिएटरांतून जनी पडद्यावरही वंदनीय ठरली. या कथा गोड आहेत, पण जनीचे थोरपण त्यांत नाही. ते त्या अभंगांत आहे, ज्यांत ती विठ्ठलास रागाने अशा शब्दांत बोलते की जे एखाद्या सभ्य गृहस्थाने आपल्या कारकुनासही उच्चारू नयेत. ज्यांत ती लोकलाजेचे पांघरूण सर्वांसमक्ष झुगारून देते. आणि ज्यांत अन्न, पाणी व अंथरूण या दासीच्या तीन चिंतांच्या जागी ती ईश्वरालाच आणून ठेवते आणि अद्वैताचा सिद्धान्त स्वयंपाकघराच्या भाषेत सांगून मोकळी होते. अरुण कोलटकरांसारख्या, भाविकतेचा ज्याच्यावर संशयही नव्हता अशा कवीने तिचे इंग्रजी भाषांतर करावयास घेतले ते काही सुळाचे पाणी झाले म्हणून नव्हे. साडेतीनशेंत नामस्मरणाच्या ठरीव साच्यात बसविलेल्या, कोणाच्याही नावावर खपाव्यात अशा रचना पुष्कळ आहेत, हेही मान्य केले पाहिजे. तेव्हा कीर्ती खरी, रक्कमही खरी. ती फक्त दुसऱ्याच खात्यावर जमा होत राहिली, इतकेच.

ज्या जात्यावर जनी बसली त्याचा इतिहास मात्र तिच्याहून जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा निर्देश आहे. म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी ओवीची योजना केली, त्यापूर्वी निदान दीडशे वर्षे ती उखळामुसळाच्या तालावर वावरत होती. परभणीच्या काळ्या जमिनीत ज्वारीचे पीक, आणि ज्वारीच्या भाकरीस रोजचे ताजे पीठ. त्यामुळे पहाटेच्या प्रहरी समोरासमोर बसून एकाच खुंट्यास दोघींनी हात घालणे, एकीने मुठीने दाणे सोडणे, आणि एकीने उचललेली ओवी दुसरीने पुरी करणे, हा या प्रदेशाचा नित्यक्रम होता. पाळी गुळगुळीत झाली म्हणजे पाथरवट येऊन टाकी लावून जाई. ओवीच्या चालीस बायका ‘गळा’ म्हणतात, आणि प्रत्येक गावचा, कधी कधी प्रत्येक घरचा गळा निराळा असतो. निजामी अमलात, जेथे दरबारची भाषा आधी फारसी व मग उर्दू होती, मौजेवार जमाबंदीच्या कागदांत कोणत्या गावी किती पिकले याची नोंद असे. पण ते कोणी दळले, आणि दळताना काय म्हटले, हे लिहून ठेवण्याचे प्रयोजन, निजामी अंमल संपला त्या १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीच्या सरकारास नव्हते आणि नंतरच्याही नव्हते.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती परसात जाऊन पडली. यावर हळहळणाऱ्यांचा एक संप्रदाय आपल्याकडे आहे. त्यांतील किती जणांनी पायलीभर ज्वारी स्वतः दळली होती, हे विचारणे असभ्य ठरेल. ज्यांनी ती जन्मभर दळली त्यांनी गिरणीच्या भोंग्याचे मनःपूर्वक स्वागत केले, यात मला शंका वाटत नाही. कष्ट गेले ते बरे झाले. पण कष्टाबरोबर गळाही गेला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये व ना. गो. नांदापूरकरांनी ‘मराठीचा मोहर’मध्ये ओव्या वेचून कागदावर आणल्या हे त्यांचे थोर उपकार होत, तथापि कागदावर शब्द राहतो, गळा राहत नाही.

गळा राखून ठेवणारे यंत्र हिंदुस्थानात येऊनही तोवर बराच काळ लोटला होता. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गायन तबकडीवर उतरविले गेले, आणि त्यानंतर अर्धशतकभर आपले संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात मोजले गेले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाल्याने तबकडीलाही ग्रंथाप्रमाणे आरंभ, मध्य व शेवट असावा ही कल्पना रुजली. या कल्पनेचा कळस म्हणून ज्या कृतीकडे जगभरचे समीक्षक बोट दाखवीत आले ती म्हणजे बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची १९६७ च्या जून महिन्याच्या आरंभी निघालेली ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टाइन या तरुण परीक्षकाने तेव्हाच तिच्यावर प्रतिकूल अभिप्राय दिला आणि वाचकांचा रोष ओढवून घेतला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ साली पाचशे श्रेष्ठ तबकड्यांची श्रेणी लावली तीत तिला पहिले स्थान दिले. आणि त्याच मासिकाने २०२० साली नव्याने श्रेणी लावली तेव्हा ती चोविसाव्या स्थानी उतरली. तबकडीवरचा एक स्वरही मध्यंतरी बदललेला नव्हता. बदलली ती पंचमंडळी. माझ्या मते गोल्डस्टाइन अगदीच चुकला नव्हता: तबकडीभर एका काल्पनिक वाद्यवृंदाची कथा चालते असे जे म्हणतात ते आरंभीच्या दोन गीतांपुरते आणि शेवटाजवळील पुनरुक्तीपुरतेच खरे आहे, आणि गीतांच्या कसाने पाहता त्याच मंडळींची आदल्या वर्षीची ‘रिव्हॉल्व्हर’ ही कृती अधिक भरीव आहे. तरी त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या आरंभी जॉर्ज हॅरिसनचे जे गीत आहे, त्यात दिलरुबा, तबला, तंबोरा व स्वरमंडळ वाजविणारे लंडनवासी भारतीय वादक होते. त्यांची नावे वेष्टनावर छापली गेली नाहीत, आणि ती लोकांपुढे येण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. हे तेच वेष्टन, ज्यावर गीतांचे संपूर्ण शब्द छापण्याचा नवा पायंडा पाडल्याबद्दल समीक्षकांनी वाखाणणी केली होती.

मराठीत दीर्घतबकडीचे युग आले ते मुख्यतः संतांच्या हाताला धरून. श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेली व लता मंगेशकरांनी गायलेली ‘अभंग तुकयाचे’, हृदयनाथ मंगेशकरांनी सिद्ध केलेली ‘ज्ञानेश्वर माउली’, आणि राम फाटक व खळे यांच्या चालींवर भीमसेन जोशींनी महाराष्ट्रभर गाजविलेली संतवाणी, या कृतींची प्रतिष्ठा आज निर्विवाद आहे. एक संत, एक संगीतकार, एक कंठ या त्रयीमुळे त्यांतील पहिल्या दोहोंना जी एकात्मता आली ती इंग्रजांच्या त्या नामांकित तबकडीहून खरी आहे; आणि खळ्यांच्या चालीत स्वर कोठे थबकेल याचा अंदाज शतदा ऐकूनही येत नाही, हा गुण दुर्मीळच. संगीत म्हणून त्यांची कीर्ती सर्वथा न्याय्य आहे. माझा आक्षेप आहे तो त्या कीर्तीस जोडून दिलेल्या दुसऱ्या एका दाव्यास: की संतांची वाणी येथे जशीच्या तशी ऐकू येते. तशी ती येत नाही. तुकोबांचा राग, जनीचा तोंडाळपणा, कीर्तनातली पुनरावृत्ती, टाळकऱ्यांचा गोंगाट, या सर्वांस दिवाणखान्याच्या दारातून प्रवेश नव्हता. तेथे आला तो करुण आणि शांत या दोन रसांचा निवडक ऐवज. महिपतीच्या हातून जे घडले तेच निराळ्या साधनाने पुन्हा घडले, आणि या वेळी ते इतक्या सुंदर रीतीने घडले की तक्रार करणारा अरसिक ठरावा.

आता परभणी जिल्ह्यातीलच एका निराळ्या ध्वनिमुद्रणाकडे वळू. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला त्यात हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार बेल यांच्या सहकार्याने पुढे त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. १९९६ साली हे पथक पूर्णा तालुक्यातील ताडकळस या गावी आले व गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायल्या. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या द्वारे कोणासही ऐकता येतो, आणि त्यात प्रत्येक गाणारीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा तलाठ्याच्या चोखपणाने नोंदलेले आहेत.

हा संग्रह सर्वत्र सारख्याच तोलाचा आहे असे म्हणणे म्हणजे पुन्हा न तपासता सनद देणे होईल. भाऊ-बहीण, माहेर-सासर, रखुमाईचा रुसवा हे विषय तेच ते येतात. पुष्कळ ओव्या ठरीव शब्दांच्या अदलाबदलीने जुळविलेल्या आहेत, आणि सलग तासभर ऐकणाऱ्याचे लक्ष उडाले तर तो त्याचा दोष नव्हे, कारण ही रचना स्वस्थ बसून ऐकण्यासाठी झालेलीच नव्हती. परंतु गंगूबाईंच्या गळ्यातील सीता मात्र निराळी. तेथे वाल्मीकीची राजकन्या नाही, देवीही नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेली आणि रात्र कोठे काढावी या विवंचनेत पडलेली एक बाई आहे, आणि गाणारी तिची कणव करीत नाही, तिच्या बाजूने साक्ष देते. स्वर सुरेल आहे, पण त्याला सजावट नाही. साथीला वाद्य नाही. चरणाच्या शेवटी श्वास जेथे सरतो तेथे ओळ सरते. जनीच्या ज्या कठोर अभंगांना कीर्तनाने बाजूस सारले आणि तबकडीने घरात घेतले नाही, त्यांच्या खऱ्या चालीचा अंदाज ज्यास करावयाचा असेल त्यास याहून जवळचा आधार माझ्या ऐकण्यात नाही. गंगाखेड आणि ताडकळस ही एकाच जिल्ह्याची गावे आहेत, हा केवळ भूगोलाचा योगायोग मानावयास मी तयार आहे. परंतु उद्या कोणी मराठी ध्वनिमुद्रणांची श्रेणी लावावयास बसला, आणि खळे व भीमसेन यांना त्यांच्या हक्काची स्थाने देऊन झाल्यावर ताडकळसच्या त्या ओव्यांना पहिल्या दहांतून वगळू लागला, तर त्याची कारणे मला लेखी हवी आहेत.