गायरानाचा उमेदवार

"तो काय निवडून येत नाही. नुसती मतं खाणार."

दर निवडणुकीत हे वाक्य कानावर पडतं. माझं घर दौंड तालुक्यात, आजोळ शिरूर तालुक्यात, मधे भीमा. दोन्ही काठांवरच्या पारांवर वाक्य एकच. माझी अडचण अशी, की मत देताना मला गायरानाचं काय होणार हे बघायचं असतं. मामाची मेंढरं अजून गायरानातच चरतात. मोठ्या पक्षांच्या सभेत ऊस येतो, पाणी येतं, आरक्षण येतं. गायरान येत नाही. म्हणून तिसऱ्या उमेदवाराचं पत्रक मी जरा जास्त निरखून वाचतो.

दौंड-बारामतीचा हा पट्टा जुन्या कागदांत 'भीमथडी' म्हणून येतो. भीमथडीची तट्टं प्रसिद्ध होती, ती इथल्या गवतावर वाढली. पुढे इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात जमीन मोजून सारा ठरवायची नवी पद्धत सुरू केली. शेताशेताला नंबर मिळाला. जे कुणाच्या नावावर चढलं नाही, ते सरकारचं झालं: रान, पडीक, गायरान. आजही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम २२ नुसार गावच्या गुरांच्या चाऱ्यासाठी जमीन राखून ठेवता येते. मालकी सरकारची, राखण ग्रामपंचायतीची. घराची किल्ली एकाकडे आणि कागद दुसऱ्याकडे, असा हा कारभार.

गायरानाच्या माळावर मेंढरांशिवायही बरंच काही जगतं. चिंकारांसाठी आपल्याजवळ सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लांडगा, खोकड, चिंकारा यांना त्याबाहेरची पडीक रानं आणि गायरानंच लागतात.

आता मतपेटीकडे येऊ. सरकारी पडीक जमीन हा महाराष्ट्रात राजकारणाचा प्रश्न केला तो एका छोट्या पक्षाने. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मागणी सरळ होती: पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. दुसऱ्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली. विधानसभेत या पक्षाची ताकद कधीच मोठी नव्हती, पुढे त्याची शकलंही झाली. पण मागणी मेली नाही. भूमिहीनांनी कसलेली, १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तारीख बघा, बाबासाहेबांची जयंती. हरलेल्या उमेदवारांची मतं 'वाया' गेली असं म्हणणाऱ्याने हा कागद वाचावा.

उलट गोष्ट माझ्याच तालुक्याची. दौंडमध्ये तिसरा निवडून येत नाही हे खरंच नाही. २००९ मध्ये इथे रमेश थोरात अपक्ष म्हणून आमदार झाले. २०१४ मध्ये राहुल कुल राष्ट्रीय समाज पक्षाकडून. त्याच वर्षी लोकसभेला महादेव जानकर बारामतीत सुप्रिया सुळेंविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे ७० हजार मतांनी हरले. त्याआधीच्या निवडणुकीत सुळेंचं मताधिक्य तीन लाखांवर होतं. ती माझी पहिली निवडणूक. मेंढपाळांच्या घरातून आलेला माणूस दिल्लीच्या इतका जवळ गेला याचं आमच्या आजोळी केवढं अप्रूप होतं! जानकरांच्या मागे तेव्हा महायुती होती, हेही खरं.

मग २०१९ आलं. कुल भाजपकडून लढले, थोरात राष्ट्रवादीकडून. निकाल लागला ७४६ मतांनी. दहा वर्षांत तिसऱ्याची जागा दोन मोठ्या पक्षांत वाटली गेली. यात कुणाला दोष देत नाही. कामं करायची तर सत्ता लागते, असं मतदारही म्हणतात. पण चिन्ह बदललं तेव्हा माळाचा प्रश्न कुठल्या खिशात गेला, हे मला कुणी सांगितलं नाही.

दरम्यान प्रश्न अवघड होत गेला. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवायला सांगितलं. सरकारी आदेशाने भूमिहीनांना, दलित-आदिवासींना दिलेल्या पट्ट्यांसारखे मोजके अपवाद ठेवले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरून कारवाईचे आदेश दिले आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. माझ्या वर्गमित्राच्या घरालाही एक चिकटली. त्याच्या आजोबांनी बांधलेलं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं घर.

मामा म्हणाला, "गवत राहिलं नाय, तर मेंढरं काय डांबरावर चारायची?"

मित्र म्हणाला, "आम्ही मग जायचं कुठं?"

दोघंही खरं बोलत होते. त्यातच २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी पडीक आणि गायरान जमिनी सौर प्रकल्पांसाठी मागितल्या जाऊ लागल्या. वीज आम्हालाही हवीच आहे.

त्यामुळे 'गायरान वाचवा' एवढं लिहिलेलं पत्रक मला आता पुरत नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाआधी एका छोट्या पक्षाचे कार्यकर्ते दारात आले, तेव्हा त्यांना तीन गोष्टी विचारल्या. गायरान वाचवायचं ते कुणासाठी? राहत्या गरिबाच्या घराचं आणि बड्याने घातलेल्या कुंपणाचं माप एकच लावणार का? आणि हरलात तर पुढच्या ग्रामसभेला याल का?

पहिल्या दोन प्रश्नांवर भाषण झालं. तिसऱ्यावर त्यांच्यातला एक पोरगा थांबला, म्हणाला, "दादा, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

मी मत कुणाला दिलं ते गुप्तच राहू दे. दोघांच्या चुरशीत तिसऱ्याला दिलेलं मत काय करू शकतं, हे ७४६ च्या आकड्याने मला शिकवलंय, त्यामुळे बटण दाबताना हात सैल नव्हता. पण उमेदवार निवडून येईल का, हा प्रश्न मी आता दुसरा ठेवतो. पहिला प्रश्न, तो हरल्यावर मागणी शिल्लक राहील का. गायकवाडांच्या माणसांची राहिली होती.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. गायरानाचा गट नंबर मात्र सातबाऱ्यावर असतो, आणि सातबारा आता मोबाइलवर दिसतो. तुमच्या गावचा एकदा उघडून बघा. मामाला मी त्याच्या गावचा दाखवला. क्षेत्राचा आकडा त्याने दोनदा वाचायला लावला आणि म्हणाला, "एवढं? मग हाय कुठं ते?"

पुढच्या ग्रामसभेत तो हेच विचारणार आहे. मित्रालाही बरोबर घेऊन जायला मी सांगितलंय.